कशी लागते?

भाऊची संत्र्याची बाग मोर्शी तालुक्यात, वर्धा नदीच्या अलीकडच्या अंगाला आहे. बांधावर उभं राहिलं की पल्याडच्या काठावरच्या बाभळी आणि पळस दिसतात. ते वर्धा जिल्ह्यातले. उन्हाळ्यात पात्र आटलं की गुरं चरत चरत पलीकडे जातात. बाटली नेता येत नाही. सेवाग्रामचा जिल्हा तो, तिथं दारूबंदी आहे. नदीच्या अलीकडे मात्र खिशात परवाना असला तर माणूस राजरोस बिअर पिऊ शकतो. विदर्भात ही रेघ आणखीही ठिकाणी ओढलेली आहे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. या दोन्ही बंद्यांमागं गावोगावच्या बाया होत्या. त्यांनी मोर्चे काढले, रस्त्यावर बसल्या. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे लिहिणार आहे ते बिअरच्या चवीबद्दल आहे आणि त्या बायांचं म्हणणं विसरून मला ते लिहिता येणार नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण भाऊच्या बागेत जमलो. आंबिया बहार उतरून मंडीत गेला होता, मृगाची फळं अजून हिरवी होती. धुऱ्यावरच्या तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. भाऊ कास्तकार. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतात. डॉक्टर गुरांचा, राहतो नदीपल्याड आष्टीकडे, म्हणून त्या रात्री तो मुक्कामीच येणार होता. चौथा मित्र पुण्यात कंपनीत आहे. त्याला आम्ही पुणेवालाच म्हणतो. पाचवा मी. दहावीपर्यंत आम्ही एकाच शाळेत होतो, आणि मास्तरांना तेव्हापासूनच सगळे मास्तर म्हणतात.

निमित्त पुणेवाल्याचं. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली, मग एकामागून एक लहान ब्रुअऱ्या निघाल्या, आणि हा माणूस त्यात रमला. तो पितो थोडं, बोलतो फार. कुठला माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य), कुठलं यीस्ट, किती दिवस मुरवली. मध्यंतरी कंपनीच्या कामानं बेल्जियमला जाऊन आला, तेव्हा तिथल्या तीन बाटल्या कपड्यांत गुंडाळून आणल्या होत्या. त्या त्यानं पुण्यात फोडल्या नाहीत. "तुमच्यासोबत प्यायच्या होत्या," म्हणाला. मला ते फार लागलं. चांगली वस्तू हाती आली की ती कुणासोबत उघडायची हे ज्याला कळतं, तो मित्र जपावा.

आमच्या गावात दारूबद्दल दोनच प्रश्न विचारलेले मी ऐकले आहेत. "केवढ्याले?" आणि "चढली का?" तिसरा प्रश्न नाही. माझे एक चुलते दररोज संध्याकाळी प्यायचे. ग्लास एका दमात रिकामा करायचे, डोळे मिटून, तोंड वाकडं करून, जसं लहान पोर काढा पितं. वर चिमूटभर मीठ जिभेवर ठेवायचे. पन्नाशी गाठायच्या आत गेले. ज्या गोष्टीनं त्यांचा जीव घेतला तिची चव त्यांनी एकदाही घेतली नसेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. बाजारात जी स्ट्राँग म्हणून मिळते तीसुद्धा याच दोन प्रश्नांना उत्तर म्हणून केलेली असते: थंडगार करा, गटागटा घ्या, आणि पैसे वसूल झाले का ते डोक्याला विचारा. आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल, आणि चव जाणवू नये म्हणून बर्फासारखी थंड.

त्या संध्याकाळी बाजेवर बाटल्या मांडून पुणेवाल्यानं तिसरा प्रश्न विचारला. "कशी लागते?"

त्याआधी काकूंची परवानगी. भाऊच्या आई. त्यांचं माहेर गोंदियाकडचं, देवरीच्या जंगलपट्ट्यातलं, आणि त्यांचा धाकटा भाऊ दारूनं गेलेला. त्या अंगणात आल्या, बाटल्यांकडे पाहिलं, आणि दोनच गोष्टी बोलल्या. "कोनी गाडीले हात लावायचा नाही. अन् जेवल्याबिगर कोनी झोपायचं नाही." गाडीच्या चाव्या पदरात बांधून आत निघून गेल्या. मला तो सौदा रास्त वाटला.

तयारी मास्तरांची. चहाचे एकसारखे काचेचे ग्लास, बुडाला चिकटपट्टी लावून नंबर टाकलेले. शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर. तोंड कोरं करायला ज्वारीची शिळी भाकर आणि पाणी. चमचमीत काही नाही. रोडगे आणि वांग्याची भाजी मागं गोवऱ्यांवर शिजत होती, पण मास्तरांनी बजावलं की भाजीचा एक घास पोटात गेला की जीभ दोन तास कामाची राहणार नाही. भाऊनं नाखुशीनं मानलं. धुराच्या उलट्या अंगाला बाजा हलवल्या.

बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या नव्हत्या. पुणेवाल्याचं म्हणणं असं की ताकदीची बिअर फार थंड केली तर तिचा वास आतच कोंडून राहतो. बारा-तेरा अंशांवर ती बोलायला लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात हे जमणं नाही, पण डिसेंबरची रात्र त्यासाठीच केल्यासारखी असते. ओल्या गोणपाटात बाटल्या गुंडाळून बाजेखाली वाऱ्यावर ठेवल्या. माठ जसा झिरपून गार होतो तसंच. सात वाजता मास्तरांनी पारा पाहिला: तेरा.

पहिला प्रयोग त्यांचाच. बाजारातल्या एकाच स्ट्राँग लागरच्या दोन हिरव्या बाटल्या. एक सकाळपासून कागदात गुंडाळून घरात ठेवलेली, दुसरी दुपारभर ओट्यावर उन्हात. संध्याकाळी दोन्ही सारख्याच गार केल्या. प्रत्येकासमोर तीन ग्लास: दोन एकीचे, एक दुसरीचा. वेगळा कोणता ते ओळखायचं. याला त्रिकोणी चाचणी म्हणतात, अन्नपदार्थांच्या प्रयोगशाळांत हीच वापरतात. अंदाजानं मारलं तरी तिनात एकदा बरोबर येतंच, म्हणून एकाच्या उत्तराला किंमत नाही. पण चौघांनीही निव्वळ नशिबानं बरोबर सांगण्याची शक्यता ८१ मध्ये १. मास्तर ओतणारे, म्हणून ते चाखणार नव्हते.

चौघांनीही ओळखलं. चाखायचीही गरज पडली नाही, ग्लास नाकाशी नेल्याबरोबर डॉक्टरनं मान फिरवली. "हे तं ढेकूण चिरडल्यावानी वास मारून राह्यलं बे!" अगदी तोच वास. पुणेवाल्यानं कारण सांगितलं. बिअरला कडवटपणा येतो तो होप्सच्या फुलांतून. त्या कडू द्रव्यांवर ऊन पडलं की ती फुटतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. नाकाला ते अगदी थोडंसंही कळतं. तपकिरी काच उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी आणि पांढरी काच अडवत नाही. आता विदर्भातलं ऊन, टपऱ्यांवर मांडून ठेवलेल्या हिरव्या बाटल्या. किती वर्षं आपण बिअरचा म्हणून उन्हाचाच वास घेत आलो, असं माझ्या मनात आलं. सावलीतली जी होती ती साधी होती. गोडसर, पातळ, घशाशी थोडी जळजळ. तिच्याबद्दल कुणाला फारसं बोलावंसं वाटलं नाही.

दुसरी होती वाइहेनस्टेफनची व्हीटस. बव्हेरियातली, गव्हाची, ७.७ टक्के. म्हणजे बाजारातल्या स्ट्राँगइतकीच जवळजवळ. ओतली तर ढगाळ, पिवळी, वर जाड फेस. भाऊनं नाक घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

"केळं."

"कशी केळं?" मास्तर वही घेऊन बसलेले.

भाऊनं डोळे मिटले. "अंजनगावकडे आढी लावते ना, पिकवायले. ती उघडली की पहिला जो वास येते, तो."

यात केळं घातलेलं नाही. गहू, जव, होप्स, पाणी आणि यीस्ट, एवढंच. यीस्ट साखर खाताना जे अनेक वास सोडतं त्यातला एक तोच असतो जो पिकत्या केळ्यात तयार होतो, आयसोअमाइल ॲसिटेट नावाचा. आणि त्याच यीस्टमुळं लवंगेसारखा दुसराही एक वास येतो. तो मला लागला, पण मी आधी म्हणालो, दाताच्या डॉक्टरकडचा वास. हसू नका, तिथं लवंगेचंच तेल असतं. मला मजा वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. सातला आठ म्हणण्याइतकाच फरक अल्कोहोलमध्ये, पण ही प्यायला घाई होईना. मोठा घोट कुणी घेतलाच नाही. प्रत्येक जण परत परत वास घेत होता, आणि ग्लास कोमट होत गेला तसतसं त्यात काहीतरी नवं सापडत होतं.

तिसऱ्या बिअरनं मन मोडलं. पुण्यातल्या एका ब्रुअरीतून पुणेवाल्यानं दुहेरी होप्सची आयपीए, म्हणजे होप्स भरपूर घातलेली कडवट बिअर, ग्राउलरमध्ये भरून आणली होती. ग्राउलर म्हणजे घट्ट झाकणाची काचेची मोठी बाटली. टाकीतून काढलेली बिअर दोन-तीन दिवसांत संपवायची असते, हे त्याला माहीत होतं. पण बडनेऱ्याची गाडी उशिरा आली, पुढं बस, मग एक दिवस घरी. झाकण कुठंतरी सैल राहिलं असणार. फेस नाही, आणि चवीला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. हवा लागलेल्या बिअरला नेमका असाच वास येतो. पुणेवाल्याचा चेहरा उतरला. भाऊनं मात्र ग्लास सोडला नाही. पुठ्ठ्याच्या मागं काहीतरी आहे, म्हणाला. उठून अंधारात झाडाकडे गेला, मृगाचं एक कच्चं हिरवं फळ तोडून आणलं, नखानं साल दाबली आणि आमच्या नाकाशी धरली. तोच वास होता. पिकल्या संत्र्याचा नव्हे, हिरव्या सालीतल्या तेलाचा. तिखट, डोळ्यांत जाणारा. सिट्रा नावाचा अमेरिकेतला होप्सचा वाण त्यात होता. पुणेवाल्यानं सांगितलेलं वर्णन होतं "सिट्रस". भाऊ म्हणाला, "सिट्रस म्हनजे काय? जंबेरी, लिंबू, मोसंबी, संत्रा, चारीचा वास येगयेगळा आहे. हा संत्र्याचा होय, अन् तोही मृगाचा." ज्यानं तीस वर्षं जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे भरले आहेत त्याचं नाक आहे ते. मास्तरांनी वहीत 'सिट्रस' खोडलं.

मला वाटतं त्या क्षणापासून रात्र बदलली. तोवर आम्ही पुणेवाल्याकडे पाहून बोलत होतो, बरोबर शब्द त्याच्याकडे आहेत असं समजून. बिअर चाखणाऱ्यांचे ठरलेले शब्द असतात: टॉफी, प्लम, पाइन, बिस्किट. पाइनचं झाड आमच्यापैकी तिघांनी पाहिलेलं नाही. आता जो तो आपल्या ओट्यावरून, खळ्यावरून, गोठ्यातून शब्द आणायला लागला. डॉक्टर म्हणाला एका घोटाला सरकीच्या ढेपेचा वास येतो. तो वास चांगला की वाईट यावर वाद झाला. डॉक्टरच्या मते चांगला. भुकेल्या गाईला विचारा.

वेस्टमालेची ट्रिपल चौथी. साडेनऊ टक्के, बेल्जियमच्या एका मठात १९३४ पासून करतात. सोनेरी, खूप फेसाळ, आणि एवढं अल्कोहोल असूनही अंगानं हलकी, कारण माल्टसोबत साखरही घालतात आणि यीस्ट ती पूर्ण खाऊन टाकतं. ३३० मिलीची बाटली पाच जणांत. चांगलीच होती. पण तिच्याबद्दल माझ्याकडे एवढंच आहे, कारण तेवढ्यात पुणेवाल्यानं निळ्या बुचाच्या दोन बाटल्या बाहेर काढल्या.

रोशफोर १०. हीही मठातली, आर्देनच्या डोंगराळ भागातल्या साधूंची. ११.३ टक्के. मला वाटलं दहा म्हणजे दहा टक्के, पण तसं नाही. बेल्जियममध्ये पूर्वी बिअर कशी मोजत, त्याचा तो आकडा आहे. जवाचं माल्ट पाण्यात मुरवून जो गोड रस काढतात, त्याची घनता पाण्याच्या मानानं किती, त्यावरून. पाणी १.०००, तर हा रस साधारण १.१००, त्यातला तो दहा. भाऊच्या हे लगेच ध्यानात आलं, कारण संत्र्याचा व्यापारी बागेत येतो तेव्हा रसाचा एक थेंब काचेवर टाकून ब्रिक्स पाहतो. मोजायची रीत वेगळी, पाहायचं तेच: रसात साखर किती. आपलं चांगलं संत्रं दहाच्या आसपास भरतं. पुणेवाल्यानं हिशेब केला, हा रस ब्रिक्सनं मोजला तर चोविसाच्या घरात जाईल. "म्हनजे संत्र्याच्या अडीच पट गोड!" भाऊ म्हणाला. "अन् एवढी साखर ते यीस्ट खाते?" बरीचशी खातं. उरलेली चवीत राहते.

ओतली तेव्हा कंदिलाच्या उजेडात ती काळपट लाल दिसत होती, काकवीचा रंग. आम्ही गप्प झालो. पहिल्यांदाच कुणी लगेच बोललं नाही.

मग शब्द यायला लागले. काकवी. नाही, काकवीला उसाचा हिरवट वास असतो, हिला नाही. चिंचेचा जुना गोळा. थोडं तसं. भाजलेल्या शेंगदाण्याचं तांबडं फोलपट; हे मास्तरांचं, आणि ते खरंच होतं, घोट उतरल्यावर मागं तेच राहत होतं. पुणेवाल्यानं अंजीर, खजूर, मनुके सांगितले. मनुके जवळ होते. पण मनुक्यांत नसलेलं काहीतरी होतं, जड, फुलासारखं, थोडं आंबूस, थोडं मातीतलं. डॉक्टर म्हणाला, "मले माहीत आहे हा वास. कुठं घेतला ते आठवून नाही राह्यलं." मलाही तसंच होत होतं. बालपणातल्या एखाद्या घराचा दरवाजा दिसतो, घर दिसत नाही, तसं. अर्धा तास आम्ही त्या एका शब्दामागं होतो. भाऊनं तीन-तीनदा ग्लास तळहातात धरून कोमट केला. मास्तरांनी वहीत त्या ओळीपुढं जागा कोरी सोडली.

मग मास्तरांनी हिशेब मांडला, मला तो महत्त्वाचा वाटतो. रोशफोरच्या एका बाटलीत साधारण ३७ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीच्या जवळजवळ दीड मोठ्या पेगाइतकं. एकट्यानं, थंड करून, तहान लागली म्हणून ती कुणी पिऊन टाकली तर बिअरच आहे या समजुतीत तो फसेल. आम्ही पाच बिअर मिळून पाच तासांत माणशी सुमारे ४२ मिली अल्कोहोल घेतलं. पावणेदोन पेगही नाही. कुणाचा आवाज चढला नाही. कुणी रडलं नाही, कुणी जुनं भांडण उकरलं नाही. आमच्या चुलत्यांच्या क्वार्टरमध्ये याच्या जवळजवळ दुप्पट असायचं, आणि ते पाच मिनिटांत संपायचं. मी असं म्हणत नाही की चवीनं प्यायलं म्हणजे दारू निर्दोष झाली. तिचं शरीराला जे करायचं ते ती करतेच. पण नाक, जीभ आणि आठवण एवढी कामाला लागली की हात आपोआप सावकाश उचलला जातो, हे मी त्या रात्री स्वतःच्या हाताबद्दल पाहिलं.

रोडगे तुपात बुडवून खाल्ले. वांग्याच्या भाजीनं घाम फोडला. उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत, थंडीत घोंगड्या ओढून बसलो, आणि बोलणं बिअरवरून संत्र्याच्या भावावर, मुलांच्या शाळेवर, बागेतल्या डिंक्या रोगावर गेलं. नदीपल्याडच्या गावातले दिवे एकेक करून विझले.

सकाळी मी लवकर उठलो. काकू न्हाणीजवळ बसून रात्रीचे ग्लास घासत होत्या. मला अवघडल्यासारखं झालं. ज्या घरात दारूनं माणूस गेला त्या घरच्या बाईनं आमचे ग्लास घासावेत हे बरं नव्हतं. मी म्हणालो, "काकू, राहू द्या, मी घासतो." त्या उत्तर देणार तेवढ्यात त्यांच्या हातात रोशफोरचा एक ग्लास आला. तळाशी तपकिरी थेंब वाळून चिकटलेला होता. त्यांनी तो पाण्यात बुडवला नाही. नाकाशी नेला.

बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"मोह," त्या म्हणाल्या.

मला एकदम डॉक्टरला उठवावंसं वाटलं. मोहफुलंच. वाळलेली, मनुक्यासारखी आकसलेली. लहानपणी मामाकडं जाताना आमगावच्या बाजारात टोपल्यांतून पाहिलेली.

"चैतात पाहाटे उठून वेचाले जाओ आम्ही," काकू सांगायला लागल्या. "झाडाखाली पाला जाळून जागा साफ करून ठेवाची. रात्रभर गळते मोह. आंगनभर वाळत घालाचा. चार दिवस घरात दुसरा वास नाही." त्यांनी पुन्हा एकदा हुंगलं. "मोठी पोट्टी मी, अन् माहा भाऊ लहान. वेचता वेचता अर्धा खाऊनच टाके."

मी गप्प उभा होतो. त्यांचा भाऊ कशानं गेला हे मला माहीत होतं, आणि त्या भागात दारू कशाची काढतात हेही. त्यांनाही माझ्या मनात काय आलं ते समजलं असावं.

"दारूचा नाही हा वास," त्या म्हणाल्या. "फुलाचा होय."

बाकीचे ग्लास त्यांनी राखेनं घासून पालथे घातले. तो एक तसाच बाजूला, ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला.